आलेख पूर्वपदावर येतो, मग नुकसान जातं कुठे? (व्यापारयुद्ध आणि खरं युद्ध)

शंकेखोर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

माझा भाचा अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे सध्या त्याला सगळं येतं. परवा त्याच्याशी वाद झाला आणि मी निरुत्तर झाले, म्हणून इथे आले. त्याचं म्हणणं असं की व्यापारयुद्धाचा आणि खऱ्या युद्धाचाही लोक उगाच बाऊ करतात. २०२५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं चीनवर १४५ टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं, चीननं १२५ केलं, सगळे म्हणाले आता जगाचा व्यापार बुडाला. मे महिन्यात दोघे बसले आणि ते ३० आणि १० वर आलं. "बघ मावशी, महिनाभराचं भांडण."

युद्धाचंही तसंच म्हणे. रशियानं फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला, मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा अन्नधान्याच्या किमतींचा निर्देशांक तोवरच्या उच्चांकावर गेला. वर्षभरात तो युद्धाच्या आधी होता त्याच्याही खाली आला. युरोपातला नैसर्गिक वायू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेगावॉट-तासामागे ३०० युरोच्या वर होता, पुढच्या वसंतात ५०च्या खाली. त्यानं मला मोबाइलवर आलेख दाखवले. सगळे एकजात डोंगरासारखे, चढले आणि उतरले.

मला आतून वाटतंय की यात काहीतरी निसटतंय, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाही. आलेख खोटे नाहीत. मग नुकसान होतं ते नक्की कुठे? आणि आयातशुल्काचं भांडण आणि तोफांचं भांडण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकाच्या पोटातून दुसरं निघतं?

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सोपं करून सांगा. नुसती नावं फेकू नका.

दीडशहाणा

भाचा बरोबर आहे. शंभर टक्के.

उलट मी एक पाऊल पुढे जातो. युद्धानं अर्थव्यवस्था वर येते, हे उघड बोलायला लोक लाजतात एवढंच. अमेरिकेत १९४० साली बेकारी साडेचौदा टक्क्यांच्या आसपास होती, १९४४ साली सव्वा टक्का. मंदी कुठल्या योजनेनं संपवली नाही, युद्धानं संपवली. बाकी चालू द्या.

खारावारा

शंकेखोरताई, भाच्याचे आकडे बरोबर आहेत. तिथे वाद घालायला जाऊ नका, हराल.

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. मालवाहू आणि तेलवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये एकतीस वर्षं काढली. जगाचा व्यापार मी खालून पाहिलाय, पाण्याच्या पातळीच्याही खालून. तिथून जे दिसलं ते सांगतो.

१९८७ साली मी फोर्थ इंजिनिअर होतो, म्हणजे बोटीवरचा सगळ्यात कोवळा अधिकारी. आमचं तेलवाहू जहाज इराणच्या आखातात जायचं. इराण-इराक युद्धाचं ते सातवं वर्ष. दोन्ही बाजू एकमेकांच्या तेलावर पोट भरणाऱ्या जहाजांवर मारा करत होत्या, त्याला सगळे टँकर वॉर म्हणत. युद्ध संपेपर्यंत चारशेच्या वर व्यापारी जहाजांवर हल्ले झाले. आखातात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आम्हाला मूळ पगार दुप्पट मिळायचा. लाइफ जॅकेट उशाशी घेऊन झोपायचो आणि सकाळी किती डॉलर वाढले ते मोजायचो. वयच तसं होतं.

आता गंमत ऐका. जहाजं जळत होती, समुद्रात सुरुंग होते, आणि तेल मात्र स्वस्त होतं. १९८५च्या शेवटी सौदी अरेबियानं नळ मोकळे सोडले आणि १९८६ मध्ये तेलाचा भाव दहा डॉलरच्या आसपास जाऊन आला. भाच्यानं त्या वर्षाचा आलेख काढला असता तर त्याला आखातात युद्ध चालू आहे हे कळलंच नसतं.

मग खर्च गेला कुठे? इराणचं मुख्य तेलबंदर खार्ग बेटावर. इराकी विमानं तिथवर पोचायची, म्हणून गिऱ्हाइकांची जहाजं यायला तयार नव्हती. इराणनं स्वतः जहाजं भाड्यानं घेतली, खार्गवर तेल भरायचं आणि आखातात खूप खाली सिरी बेटापाशी नेऊन गिऱ्हाइकाच्या जहाजात ओतायचं. १९८६च्या ऑगस्टमध्ये इराकनं सिरीवरही बाँब टाकले, तेव्हा ते आणखी पुढे लारक बेटापर्यंत हलवलं. एकच तेल दोनदा चढवायचं, दोनदा उतरवायचं, वरून गिऱ्हाइकाला विम्याचा खर्च भरून निघेल अशी सूट द्यायची. बाजारात भाव तोच. विकणाऱ्याच्या हातात मात्र पिंपामागे कितीतरी कमी पडत होतं. आलेख भाव दाखवतो. तो भाव कुणाच्या खिशातून सांभाळला गेला हे त्याला दाखवता येत नाही.

(अवांतर: १९८७च्या जुलैत अमेरिकी नौदलाच्या संरक्षणाखाली 'ब्रिजटन' नावाचा प्रचंड टँकर आखातात येत होता. २४ तारखेला तोच सुरुंगावर गेला. बुडाला नाही, टँकरचं धूड ते, भोक पडूनही चालत राहिला. युद्धनौकांचे पत्रे पातळ. मग उरलेल्या वाटेवर युद्धनौका टँकरच्या मागून एका रांगेत चालल्या. राखणदार मागे आणि ज्याला राखायचं तो पुढे. आमच्या मेसमध्ये ही बातमी आली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो, आणि मग एकदम सगळे गप्प झालो, कारण आमच्या पुढे कुणीच नव्हतं.)

आता विम्याचं सांगतो, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे. जहाजाच्या नेहमीच्या विम्यात युद्ध धरलेलं नसतं. त्याचा विमा वेगळा, वॉर रिस्क. लंडनमध्ये विमावाल्यांची एक समिती आहे, ती धोक्याच्या पाण्यांची यादी काढते. यादीतल्या पाण्यात शिरायचं असेल तर आधी कळवायचं, जादा प्रीमियम भरायचा, आणि तो साधारण सात दिवस चालतो. आठव्या दिवशी अजून आतच असाल तर पुन्हा भरा.

तांबड्या समुद्राचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्याआधी त्या वाटेचा युद्धविमा जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्यांच्या आसपास होता. काही आठवड्यांत ०.७ ते एक टक्का. जहाज दहा कोटी डॉलरचं धरा. पन्नास हजार डॉलरऐवजी सात ते दहा लाख डॉलर, तेही एका खेपेचे. गोळी लागो न लागो. हजार जहाजांतलं एक बुडतं, पण पैसे हजार जहाजं भरतात.

मग कंपन्यांनी काय केलं? आफ्रिकेला वळसा घातला. आशिया ते उत्तर युरोप दहा ते चौदा दिवस जास्त. इथे एक बारीक गोष्ट आहे जी बाहेरच्याला पटकन दिसत नाही. वाट लांबली की नुसतं इंधन जास्त लागत नाही, जहाजं कमी पडतात. दर आठवड्याला बंदरातून एक जहाज सुटायचंच असेल तर फेरी जितकी लांब तितकी जास्त जहाजं त्या वाटेवर अडकवावी लागतात. कोविडच्या काळात कमावलेल्या पैशातून कंपन्यांनी भारंभार नवी जहाजं सांगून ठेवली होती, ती नेमकी तेव्हा पाण्यात उतरत होती. भाडी कोसळणार अशी सगळ्यांना धास्ती होती. वळशानं ती जादा जहाजं गिळून टाकली आणि २०२४ साली कंटेनर कंपन्यांना दणकून नफा झाला.

आणि मार कुणाला बसला? इजिप्तला. सुएझ कालव्याचं उत्पन्न २०२३ साली दहा अब्ज डॉलरच्या वर होतं, २०२४ साली चार अब्जांच्या आसपास. इजिप्तनं एक गोळी झाडली नव्हती.

आता भाच्यासाठी माझं आवडतं उदाहरण, त्याला मुद्दाम सांगा. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं. सहा दिवसांत संपलं. सुएझ कालवा मात्र आठ वर्षं बंद राहिला, जून १९७५ पर्यंत. कालव्यातून जात असलेली चौदा जहाजं मधल्या ग्रेट बिटर लेकमध्ये अडकली. ब्रिटिश, जर्मन, स्वीडिश, पोलिश, फ्रेंच, अमेरिकी, बल्गेरियन, चेकोस्लोव्हाक. वाळवंटातली वाळू बसून बसून पिवळी पडली म्हणून त्यांना पिवळा ताफा म्हणत. खलाशांनी तिथे स्वतःची टपाल तिकिटं काढली, १९६८ साली आपापसात ऑलिंपिक भरवलं. शीतयुद्धातल्या दोन्ही बाजूंची माणसं एका तळ्यात, करायला काहीच नाही.

त्या आठ वर्षांत बाहेर काय झालं बघा. तेल आफ्रिकेवरून न्यायचंच आहे तर लहान जहाजं कशाला, म्हणून लोकांनी दोन-दोन, तीन-तीन लाख टनी टँकर बांधायचा सपाटा लावला. कालवा उघडला तेव्हा त्यातून भरलेलं जाऊ शकणारं जहाज जेमतेम साठ हजार टनी. म्हणजे वाट मोकळी झाली आणि वाटेवरून जाणारेच मावेनात. त्यातच १९७३ साली तेलाचा भाव चौपट झाला, मागणी घटली, आणि ते नवेकोरे राक्षस नॉर्वेच्या खाड्यांमध्ये ओळीनं नांगरून पडले. काही तर पुरते जुने व्हायच्या आत भंगारात गेले. इजिप्तला कालवा पुन्हा खणून खोल करावा लागला, शेजारून तेलाची नळवाहिनी टाकावी लागली.

आलेख काढला तर जगाचा तेलव्यापार चालूच होता. पण आधी त्या वाटेवर जे होते ते नंतर तिथे नव्हते. मला जे कळलं ते एवढंच.

तळटीप

खारावारा, मनापासून आवडला प्रतिसाद. पिवळ्या ताफ्याच्या तिकिटांचं मला माहीत होतं, टँकरच्या आकाराशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

मी आर्थिक इतिहास शिकवते, त्यामुळे शंकेखोरताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते: शुल्काच्या भांडणातून तोफांचं भांडण निघतं का? सरळ निघत नाही. जो कुणी "निघतंच" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण शुल्काचं भांडण माणसांची ऊठबस बदलतं, आणि ती पुढे महागात पडू शकते.

१९०६ सालचं 'डुकरांचं युद्ध' घ्या. नाव हास्यास्पद आहे खरं. सर्बिया तेव्हा छोटा, चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेला देश. त्याची बहुतेक सगळी निर्यात ऑस्ट्रिया-हंगेरीला जायची, आणि त्यात मोठा भाग डुकरांचा. सर्बियानं बल्गेरियाशी जकातीचा करार केला आणि तोफा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातून न घेता फ्रान्सकडून घ्यायचं ठरवलं. व्हिएन्नानं सर्बियन डुकरांना सरहद्द बंद केली. हिशेब साधा होता: लवकरच शरण येतील. नाही आले. सर्बियानं स्वतःचे मांसप्रक्रियेचे कारखाने काढले, सालोनिका बंदरातून माल पाठवायला सुरुवात केली, जर्मनीत गिऱ्हाइकं शोधली. व्हिएन्नाच्या हातात सर्बियाचा एकच कान होता, तोच तिनं पिळता पिळता गमावला. पुढच्या वेळी बेलग्रेडला काही ऐकवायचं असेल तर धमकीला काय उरलं? यातून १९१४चं महायुद्ध झालं असं मी म्हणत नाही. पण तोवर सर्बिया ऑस्ट्रियावर पूर्वीइतका अवलंबून राहिला नव्हता.

१९४१ चं जपान हे जास्त उघड उदाहरण. जपानला लागणाऱ्या तेलापैकी सुमारे ८० टक्के अमेरिकेतून यायचं. जपाननं दक्षिण इंडोचायनात सैन्य घुसवलं, जुलैच्या शेवटी अमेरिकेनं जपानची संपत्ती गोठवली आणि तेल थांबलं. टोकियोत साठ्याचे दिवस मोजायला सुरुवात झाली. माघार घ्या, नाहीतर इंडोनेशियातलं तेल बळकवा. डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर. आक्रमक जपानच होता, त्यात शंका नको. पण तेल तोडणाऱ्यांना वाटलं होतं की आपण युद्ध टाळतोय, आणि समोरच्यानं त्यातून ऐकली ती घड्याळाची टिकटिक.

दीडशहाणा, तुमच्याकडे येते. आकडे बरोबर आहेत. पण सव्वा टक्क्याच्या त्या बेकारीमागे एक कोटीहून जास्त माणसं गणवेशात होती, हेही सांगा. फेब्रुवारी १९४२ पासून अमेरिकेत नागरिकांसाठी मोटारी बनणं बंद. टायर, साखर, पेट्रोल शिधापत्रिकेवर. प्रत्येकाला काम होतं, हातात पगार होता आणि विकत घ्यायला वस्तू नव्हत्या. उत्पादन वाढलं हे खरंच, पण जे वाढलं ते बाँब टाकायच्या विमानांचं.

आणि बिल? ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता डिसेंबर २००६ च्या शेवटी भरला. जर्मनीनं पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईशी जोडलेल्या रोख्यांचं शेवटचं देणं ३ ऑक्टोबर २०१० ला दिलं. ब्रिटनच्या 'वॉर लोन'ची कथा तर मी वर्गात दरवर्षी सांगते. १९१७ साली लोकांना सांगितलं, देशासाठी पैसे द्या, पाच टक्के व्याज मिळेल. १९३२ साली सरकार म्हणालं, आता साडेतीन घ्या. लोकांनी देशप्रेमानं तेही मान्य केलं. मुद्दल परत मिळालं ९ मार्च २०१५ ला. दरम्यान महागाईनं त्या पौंडाचं काय केलं असेल ते तुम्हीच बघा. ज्या विधवेनं १९१७ साली मनापासून पैसे दिले, तिच्या पणतूला २०१५ साली त्यातून काय आलं असेल? युद्धाचा खर्च असा चुकता होतो, सावकाश आणि आवाज न करता.

दीडशहाणा

विधवेचं उदाहरण भावनिक आहे, पण ठीक. बेकारीचा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

मात्र व्यापारयुद्धाबद्दल माझं मत तेच. शुल्कानं आपल्या लोकांना काम मिळतं आणि पैसे परका भरतो. यात वाईट काय?

शंकेखोर

अहो हेच! भाचाही हेच म्हणाला, की शुल्क समोरचा देश भरतो. मला ते खटकलं होतं पण उत्तर सुचलं नाही. भरतं कोण नक्की?

आणि खारावारा काका, तुमचा प्रतिसाद भाच्याला पाठवला. त्यानं अजून उघडलेला नाही, निळी खूण दिसत नाहीये.

तळटीप

चलन फाडतो तो आयात करणारा, स्वतःच्याच देशाच्या कस्टम्सकडे. एवढं तर निर्विवाद. पुढचा प्रश्न असा की परका विक्रेता आपला भाव तेवढा खाली आणतो का? आणला तर भार त्याच्यावर. २०१८ साली अमेरिकेनं शुल्कं लावली तेव्हा अमिती, रेडिंग आणि वाइनस्टाइन या तीन अर्थतज्ज्ञांनी आयातीचे भाव तपासले. परक्यांनी भाव जवळपास उतरवलेच नव्हते. भार आला तो अमेरिकी आयातदारांवर आणि ग्राहकांवर.

त्याच वर्षीचं धुलाईयंत्रांचं उदाहरण मला फार आवडतं. शुल्क लागलं फक्त कपडे धुण्याच्या यंत्रांवर. पण तिथे लोक धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र जोडीनं घेतात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटली. ज्या यंत्राला शुल्काचा स्पर्श नव्हता तेही तेवढंच महागलं. देशातल्या कंपन्यांनीही भाव चढवले, कारण आता स्पर्धक महाग झाला होता. नोकऱ्या आल्या, नाही असं नाही. सुमारे १८००. ग्राहकांनी जादा मोजलेल्या पैशांना त्यानं भागलं तर एका नोकरीमागे आठ लाख डॉलरहून अधिक. दीडशहाणा, एवढ्यात त्या माणसाला घरी बसवून यंत्र फुकट देता आलं असतं.

बरं, शुल्क एकदा बसलं की उठतही नाही. १९६२ साली युरोपनं स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं. अमेरिकेनं डिसेंबर १९६३ मध्ये उलट फटका दिला: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवर २५ टक्के. कोंबड्यांचं भांडण करणारी माणसं जाऊन जमाना झाला, ट्रकवरचं शुल्क अजून आहे. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनवलेल्या व्हॅन मागच्या सीट आणि खिडक्या लावून "प्रवासी गाडी" म्हणून आणायची आणि बंदरातून बाहेर आल्यावर सीट उपटून मालवाहू करायची. २०२४ साली तिनं त्यापायी ३६.५ कोटी डॉलर भरून तडजोड केली. साठ वर्षांपूर्वीच्या कोंबड्यांसाठी!

आणि एक, मग थांबते. आयर्लंड आणि ब्रिटन, १९३२ ते १९३८. जुन्या जमीनकर्जाचे हप्ते लंडनला पाठवायचे नाहीत असं आयर्लंडचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरांनी ठरवलं. ब्रिटननं आयरिश गुराढोरांवर २० टक्के शुल्क बसवलं. आयर्लंडकडे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गुरांना चारा घालणं परवडेना, तेव्हा सरकारनंच वासरं मारायला उत्तेजन दिलं, कातड्यामागे बक्षीस लावून. १९३८ साली तडजोड झाली. सुमारे दहा कोटी पौंडांच्या मागणीपोटी आयर्लंडनं एक कोटी पौंड एकरकमी दिले, वर ब्रिटिशांच्या ताब्यातली बंदरंही परत मिळवली. राष्ट्र म्हणून बघितलं तर घसघशीत विजय. इतिहासाच्या पुस्तकात तसाच लिहिलेला असतो. गोठ्यातल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं कातडी दाखवली असती.

खारावारा

गोठ्याचं वाचून सोयाबीन आठवलं. निवृत्तीआधीची शेवटची वर्षं मी धान्यवाहू जहाजांवर होतो, म्हणून हे नजरेसमोरचं.

जुलै २०१८ मध्ये चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं. आदल्या वर्षी बारा अब्ज डॉलरचं सोयाबीन अमेरिकेतून चीनला गेलं होतं, त्या वर्षी तीन अब्जांच्या आसपास. आमचं जहाज ज्या बंदराकडे निघालं होतं ते मधेच बदललं, आणि पुढच्या खेपा ब्राझीलच्या. वॉशिंग्टननं शेतकऱ्यांसाठी आधी १२ अब्ज, मग आणखी १६ अब्ज डॉलरच्या मदतीची घोषणा केली. म्हणजे आयातीवर शुल्क लावून तिजोरीत जे आलं त्यातलं बरंच असं निघून गेलं.

२०२० साली समझोता झाला, चीननं पुन्हा खरेदी सुरू केली. भाच्याचा डोंगर चढून उतरला. पण ब्राझीलच्या शेतकऱ्यानं मधल्या काळात जमीन वाढवली होती, आणि चिनी खरेदीदाराला तिथल्या दलालाचा नंबर पाठ झाला होता. २०२५ साली पुन्हा भांडण पेटलं तेव्हा सप्टेंबर महिन्यात चीननं अमेरिकेतून सोयाबीनचा एक दाणा नेला नाही. पहिल्या वेळी धडपड झाली होती. दुसऱ्या वेळी फक्त फोन फिरवावा लागला.

तळटीपबाई, तुमच्या सर्बियाची गोष्ट हीच ना? फक्त डुकरांच्या जागी सोयाबीन.

तळटीप

अगदी हीच. आणि सोयाबीन खातं कोण? चीनमधली डुकरं. वर्तुळ पूर्ण!

दीडशहाणा

हा हा. हे आवडलं. आता अर्धा राहिलेला मुद्दाही मागे घ्यायला लावणार तुम्ही मला.

शंकेखोर

मंडळी, भाच्यानं वाचलं! सगळं वाचलं. मान्य काही केलं नाही, तेवढी अपेक्षाही नव्हती. पण सुएझचं दोनदा वाचलं, हे मला त्याच्या आईकडून कळलं.

त्याचा एक प्रश्न आलाय, जसाच्या तसा देते: "काका म्हणतात विम्याचा आणि वळशाचा खर्च आलेखात दिसत नाही. पण पैसा खर्च झाला म्हणजे तो कुठेतरी नोंदला गेलाच असणार. कुठल्या रकान्यात शोधू?"

खारावारा

शाब्बास. हा पोरगा पुढे जाईल.

त्याला म्हणावं, जगातल्या सगळ्या देशांची निर्यात एकत्र कर आणि सगळ्या देशांची आयात एकत्र कर. एकानं विकलं तेच दुसऱ्यानं घेतलं, म्हणजे दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. येत नाहीत. आयातीची बेरीज मोठी येते. कारण विकणारा देश माल बोटीत चढेपर्यंतची किंमत लिहितो, त्याला एफओबी म्हणतात. घेणारे बहुतेक देश (अमेरिकेसारखे काही सोडून) माल दारात पोचल्यावरची किंमत लिहितात, सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून. एकाच पोत्याच्या दोन किमती, दोन देशांच्या वह्यांत.

फरकाची बाकीही कारणं असतात, नोंदीतल्या चुका, उशीर, चोरटा माल, ते मास्तरणीबाई सांगतील. पण त्या दोन किमतींच्या मधे जी फट आहे तिच्यात सगळा समुद्र आहे. इंधन, कालव्याचं भाडं, आफ्रिकेचा वळसा, लंडनचा सात दिवसांचा प्रीमियम. युद्ध असलं की फट फुगते. १९८७ ची काढून बघायची असेल तर बघ म्हणावं, त्यात कुठेतरी माझा दुप्पट पगारही आहे.